चाळीस हजारांचा खर्च आणि अडीचशे रुपयांची पट्टी

भिवंडीत आमच्या परिचयाचे एक वयस्कर गृहस्थ लग्नपत्रिका छापण्याचा व्यवसाय करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. निकाहाचा दावतनामा उर्दूत, वलीम्याचा इंग्रजीत आणि गावाकडच्या पाहुण्यांसाठी मराठीत, अशी तिहेरी पत्रिका त्यांच्याकडे होते. उर्दू मजकूर इनपेजमध्ये आणि सजावट कोरल ड्रॉमध्ये. 2024 ची रमजान ईद नुकतीच झाली होती. ईदनंतर लग्नांचा जोर सुरू होतो, आणि नेमका त्याच वेळी त्यांचा संगणक असा मंदावला की एक पत्रिका पडद्यावर यायला चहा सांगून तो पिऊन होईपर्यंतचा वेळ लागू लागला. गिऱ्हाईक समोर बसलेले, नावातली एक चूक दुरुस्त करायची, आणि पडद्यावर नुसते घड्याळ फिरते आहे!

"भाई, आता हे खटारं बदलल्याशिवाय इलाज नाही," असे ते आम्हाला म्हणाले. नव्या संगणकाचे कोटेशन त्यांनी आणूनही ठेवले होते, सुमारे अडतीस हजारांचे. हंगामाच्या तोंडावर ही रक्कम काढायची म्हणजे कार्डांच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी थकवायची किंवा घरातले काही गहाण टाकायचे. आम्ही त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले. त्या दोन दिवसांत काय केले, कुठे फसलो आणि शेवटी किती खर्च आला हे येथे सविस्तर देत आहोत. आमच्या वाचकांपैकी शिलाई, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग, फोटो स्टुडिओ, सुट्या भागांचे दुकान किंवा लूमच्या हिशेबाचे काम करणाऱ्या अनेकांच्या टेबलावर असाच दहा-पंधरा वर्षांचा संगणक असतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

प्रथम मेमरी म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणकात माल ठेवण्याच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क हे मागचे गोदाम आणि मेमरी म्हणजे रॅम हा पुढचा कटिंगचा टेबल. गोदाम कितीही मोठे असले तरी कापड टेबलावर आणल्याशिवाय कात्री लावता येत नाही. टेबल लहान पडला की एक थान गुंडाळून मागे न्यायचे, दुसरे आणायचे, पुन्हा पहिले आणायचे, असे सुरू होते. संगणकही हेच करतो. रॅम भरली की तो उरलेले काम डिस्कवर लिहितो आणि लागेल तसे परत वाचतो. फिरती हार्ड डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ, त्यामुळे डिस्कचा लाल दिवा सतत जळत राहतो आणि माउस अडकतो. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. म्हणून "प्रोसेसर जुना झाला" असा निकाल तपासणी न करता देणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नये.

तपासणीला पैसे लागत नाहीत. दिवसभरात जेवढे प्रोग्राम एकत्र उघडे असतात तेवढे सगळे उघडावेत. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी किती आहे आणि किती खर्ची पडली आहे ते दिसते. विंडोज 8 पासून पुढच्या आवृत्त्यांत पट्ट्यांच्या किती जागा आहेत आणि किती भरलेल्या आहेत हेही तेथेच कळते. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्कचा दिवा अखंड, असे असेल तर मेमरी कमी पडते आहे. मेमरी निम्मी मोकळी असूनही काम रखडत असेल तर पट्टी वाढवून उपयोग होणार नाही. तेथे डिस्क थकली असेल किंवा व्हायरस बसला असेल.

चाचांच्या संगणकात 2 जीबीची एकच पट्टी होती. कोरल, इनपेज आणि फोटोचा प्रोग्राम उघडताच ती जवळजवळ पूर्ण भरत होती. रोग कळला. आम्हाला वाटले, आता औषध सोपे आहे. तेथेच आमची चूक झाली.

चाचांच्या धाकट्या मुलाला घेऊन आम्ही मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरले की लॅमिंग्टन रोड जवळच आहे. त्याचे कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग असले तरी त्या नावाने विचारले तर दुकानदारही क्षणभर विचारात पडतो. सुटे भाग विकणारी दुकाने तेथे खेटून उभी आहेत. एका दुकानात आम्ही "डीडीआर 3 ची पट्टी हवी" एवढेच सांगितले. दुकानदाराने 4 जीबीची एक जुनी पट्टी काढून समोर ठेवली, साडेपाचशे रुपये. "चालेल ना?" असे विचारले तर "बिनधास्त चालेल" असे उत्तर आले. आम्ही पैसे दिले, बिल मागितले नाही.

भिवंडीला येऊन पट्टी बसवली आणि संगणक सुरू केला, तर पडदा काळा आणि आतून बीप-बीप असा आवाज. पट्टी पुसून पाहिली, जागा बदलून पाहिली, जुनी पट्टी काढून एकटी लावून पाहिली. बीप तसाच. जुनी पट्टी लावली की संगणक निमूटपणे सुरू! दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला, तर त्याने "विकलेला माल परत नाही, तुमचा बोर्डच खराब आहे" असे ऐकवले.

बोर्ड खराब नव्हता. पट्टीही खराब नव्हती. दोघांचे गोत्र जुळत नव्हते, आणि हा मुद्दा जरा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण बहुतेकांचे पैसे येथेच बुडतात.

मेमरीच्या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत. डीडीआर 2 बाजारात आली 2003 मध्ये, डीडीआर 3 आली 2007 मध्ये, डीडीआर 4 आली 2014 मध्ये, आणि त्यानंतर डीडीआर 5. प्रत्येक पिढीच्या पट्टीवर खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या जागेत बसतच नाही. डीडीआर 2 आणि डीडीआर 3 या दोन्हींना 240 पिना असल्या तरी खाच जुळत नाही. वीजही वेगळी लागते. डीडीआर 2 ला 1.8 व्होल्ट, डीडीआर 3 ला 1.5, डीडीआर 4 ला 1.2. पट्टी बसत नसेल तर अंगठ्याने जोर लावू नये. बोर्डाची जागा फुटली तर पट्टीचे नव्हे, बोर्डाचे पैसे जातात. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड पट्ट्या बाजारात फार स्वस्त मिळतात आणि दिसायला अगदी आपल्यासारख्याच असतात, पण साध्या डेस्कटॉपवर त्या चालत नाहीत. "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. इंटेलच्या बोर्डाला त्या घेऊ नयेत.

पिढी जुळली तरी प्रश्न संपत नाही. प्रत्येक बोर्डाला मर्यादा असते. आपल्याकडे दुकानांतून जे इंटेलचे जुने बोर्ड अजून दिसतात त्यांत जी31 या चिपसेटचे बोर्ड 4 जीबीपर्यंतच मेमरी घेतात, जी41 चे 8 जीबीपर्यंत आणि एच61 चे 16 जीबीपर्यंत. चाचांचा बोर्ड जी41 चा निघाला. या जी41 ची एक खोड आहे. पट्टीवर जे काळे चौकोनी चिप असतात त्यांतला प्रत्येक चिप किती क्षमतेचा आहे यालाही त्याच्याकडे मर्यादा आहे. 4 जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी आठ-आठ, असे सोळा चिप असतील तर जी41 ती ओळखतो. नंतरच्या काळात तेवढीच क्षमता आठ मोठ्या चिपांत बसवू लागले. ती पट्टी जी41 ला उमगत नाही. आम्हाला मिळालेली पट्टी आठ चिपांची होती.

हे आम्हाला कोणी समजावले? त्याच रस्त्यावर आतल्या बोळात जुन्या मालाचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका माणसाने. आम्ही पट्टी दाखवताच त्याने पहिला प्रश्न केला, "बोर्ड कोणता?" आम्ही मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्याने पट्टी उलटसुलट करून चिप मोजले आणि परत आमच्या हातात ठेवली. मग दुसरा प्रश्न, "विंडोज 32 बिट की 64?" आम्हाला माहीत नव्हते. "मग घरी जाऊन बघून या, आज मी काही विकणार नाही," असे म्हणून त्याने आमच्यासाठी चहा मागवला. असा दुकानदार भेटला की त्याचे दुकान लक्षात ठेवावे.

32 बिटचा प्रश्न क्षुल्लक नाही. 32 बिटचे विंडोज एकूण 4 जीबीपर्यंतचीच मेमरी मोजू शकते, आणि त्यातलाही काही भाग बोर्डावरच्या इतर साधनांसाठी राखला जातो. म्हणून 4 जीबी लावली तरी प्रत्यक्ष वापराला 3 ते साडेतीन जीबी मिळते. अशा संगणकात 8 जीबी भरणे म्हणजे दोन शटरच्या दुकानाचे भाडे देऊन एकच शटर उघडणे. माय कॉम्प्युटरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडले की हे कळते. चाचांचे विंडोज 7 होते आणि 32 बिटचे. म्हणजे ती साडेपाचशेची पट्टी चालली असती तरी तिचा मोठा भाग वायाच गेला असता.

मग 64 बिटचे विंडोज का टाकले नाही, असे कोणी विचारील. आम्हीही तेच सुचवले होते. पण चाचांच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त 32 बिटचा होता. 64 बिटवर गेलो असतो तर तो प्रिंटर मुका झाला असता, आणि बटर पेपरवर पॉझिटिव्ह काढण्याचे त्यांचे सारे काम त्याच प्रिंटरवर होते. ज्यांच्याकडे डॉसवर चालणारा जुना बिलाचा प्रोग्राम आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावे, 64 बिटच्या विंडोजवर तसे प्रोग्राम उघडत नाहीत. संगणक नवा करण्याच्या नादात प्रिंटर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नवे घ्यावे लागले तर बचत कसली?

तेव्हा निर्णय साधा झाला. आहे त्या 2 जीबीच्या जोडीला आणखी एक 2 जीबीची पट्टी लावायची आणि तेथेच थांबायचे. बोळातल्या त्या दुकानदाराने जुनी पट्टी अडीचशे रुपयांत दिली, स्वतःच्या मशीनवर चालवून दाखवली आणि कागदावर पंधरा दिवसांची टेस्टिंग लिहून दिली. पट्टीवर 1333 चा वेग लिहिला होता, आमचा बोर्ड ती 1066 वर चालवतो. त्यात बिघडत काही नाही. कमी-जास्त वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर सगळ्या कमी वेगाने चालतात एवढेच. मात्र शक्य असेल तेव्हा सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्यात. ज्या बोर्डांवर दोन वाहिन्यांची सोय असते त्यांना जोडीचा फायदा मिळतो.

बसवण्याचे काम घरी होण्यासारखे आहे. प्रथम कामाच्या सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. संगणक बंद करून वायर भिंतीतूनच काढावी, आणि मग सुरू करण्याचे बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. नायलॉनच्या गालिच्यावर बसून हे काम करू नये. पट्टी कडेने धरावी, सोनेरी पायांना बोट लावू नये. जुनी पट्टी काढली असेल तर तिचे पाय शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावेत. कित्येकदा बीप वाजवणारा संगणक एवढ्यानेच बरा होतो आणि मेकॅनिकची फी वाचते. खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब दिला की कडेच्या खिट्ट्या आपोआप लागतात आणि तसा आवाज येतो.

चाचांचे कॅबिनेट उघडले तेव्हा आत कापसाच्या तंतूंची गादीच तयार झालेली दिसली. शेजारी लूमचा कारखाना, मग दुसरे काय होणार! प्रोसेसरचा पंखा त्या तंतूंनी जवळपास बांधला गेला होता. मऊ ब्रशने ते साफ केले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांनी हे काम दर दोन-तीन महिन्यांनी करावे असे आम्हाला वाटते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मालक मेमरीला दोष देत बसतो. बोर्ड साफ करताना त्यावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र तेथेच हात आवरावा. त्या बोर्डावर आणखी एक रुपयाही घालू नये.

पट्टी बसल्यावर विंडोजमधली मेमरी तपासणी रात्रभर चालू ठेवली. मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्रामही यासाठी चांगला आहे. त्यात एक जरी चूक निघाली तर पट्टी परत करावी. मेमरीतली चूक ताबडतोब दिसत नाही. ती महिन्याभराने एखाद्या बिघडलेल्या फाइलीच्या रूपाने समोर येते आणि तेव्हा टेस्टिंगची मुदत गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी कोरल आणि इनपेज दोन्ही उघडे ठेवून काम चालले. सुधारणा झाली, पण खरे सांगायचे तर आम्हाला वाटली होती तेवढी नाही. संगणक सुरू व्हायला आणि मोठी फाइल उघडायला वेळ लागतच होता, कारण डिस्क जुनीच होती. मग चाचांच्या मुलानेच पुढाकार घेऊन 240 जीबीची एसएसडी साडेतेराशे रुपयांत आणली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवली. एवढ्या जुन्या बोर्डावर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही फरक चाचांना चष्म्याशिवाय दिसला. आमचे मत असे झाले आहे की 2 जीबीच्या संगणकात आधी मेमरी वाढवावी आणि 4 जीबी असेल तर आधी एसएसडी घ्यावी. पैसे दोन्हींपुरते असतील तर प्रश्नच नाही. फुकट गेलेले साडेपाचशे धरून चाचांचा एकूण खर्च 2150 रुपये झाला.

आता भावाविषयी. मेमरी ही सुतासारखी चढउताराची वस्तू आहे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, त्यामुळे एखाद्या ठिकाणी खोळंबा झाला की भाव उसळतात. सप्टेंबर 1999 मध्ये तैवानात भूकंप झाला तेव्हा तसे झाले, सप्टेंबर 2013 मध्ये चीनमधील वुशीच्या हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली तेव्हाही झाले. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली आणि नव्या पट्ट्यांचे भाव पुन्हा भडकले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना पट्ट्या विकण्याचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा आम्ही 2024 मध्ये दिलेले आकडे आजचा भाव समजू नयेत. दोन-तीन दुकानांत विचारून मगच सौदा करावा. जुन्या पट्टीचा मोठा आधार हा की भंगारात गेलेल्या ऑफिसच्या संगणकांतून डीडीआर 3 चा माल निघत असतो. डीडीआर 2 चे मात्र वेगळे. तिच्या 4 जीबीच्या पट्ट्या मुळातच कमी बनल्या आणि त्यांना मागितली जाणारी किंमत संगणकाच्या लायकीपेक्षा जास्त असते. तेथे 2 जीबीच्या दोन पट्ट्यांवर समाधान मानावे.

नवी पट्टी घेताना जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. 18 टक्के कर लागतो खरा, पण नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरचा तो कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मिळत नाही. बिलाशिवाय वॉरंटीही मिळत नाही, मग भले पट्टीच्या खोक्यावर काहीही छापलेले असो.

एक इशारा दिला पाहिजे. विंडोज 7 ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी 2020 मध्ये बंद झाली आणि विंडोज 10 ची नियमित दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी. विंडोज 11 ला 4 जीबी मेमरी पुरते, पण टीपीएम आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. केवळ मेमरी वाढवून जुना संगणक त्या लायकीचा होत नाही. म्हणून चाचांच्या संगणकाची इंटरनेटची वायर आम्ही काढूनच टाकली आहे. गिऱ्हाइकाचा मजकूर मोबाइलवर येतो आणि केबलने संगणकात उतरतो. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे रिटर्न त्यांचा मुलगा दुसऱ्या यंत्रावर करतो. ज्यांचे सारे काम इंटरनेटवरच चालते त्यांनी जुन्या यंत्रावर खर्च करण्याआधी हा हिशेब जरूर मांडावा. कदाचित त्यांच्यासाठी चार-पाच वर्षांपूर्वीचा, विंडोज 11 चालणारा वापरलेला संगणक घेणेच स्वस्त पडेल.

ती साडेपाचशेची पट्टी बरेच दिवस चाचांच्या गल्ल्यात पडून होती. नंतर त्यांचा भाचा पडघ्याहून आला. त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एच61 चा बोर्ड आणि 64 बिटचे विंडोज आहे. त्याने ती नेऊन लावली, आणि तेथे पहिल्याच झटक्यात पूर्ण 4 जीबी दिसली. चाचांनी त्याच्याकडून तीनशे रुपये घेतले.